ठाण्यातल्या पाचपाखाडीचं किडनी क्लिनिक: स्टिरॉइडच्या आधी एक साधी टेस्ट केली, म्हणून हा रिव्ह्यू

पाच पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

मी सहसा रिव्ह्यू लिहीत नाही. नवऱ्याला विचारून लिहितेय, त्याने आधी नको म्हटलं होतं, मग आठ दिवसांनी स्वतःच म्हणाला लिही, फक्त माझं नाव टाकू नकोस. म्हणून नावं कोणाचीच नाहीत, पण बाकी जे आहे ते जसं झालं तसं आहे.

२०२४ च्या गणपतीत त्याचे पाय सुजले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, सगळी धावपळ, उभं राहून राहून सुजले असतील असं वाटलं. सासूबाईंनी मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेवायला लावले. विसर्जन झालं तरी सूज काही उतरेना, उलट सकाळी डोळ्याखाली फुगल्यासारखं दिसायला लागलं, मोजे काढले की पोटरीवर इलॅस्टिकची अशी खोल रेघ उमटलेली, आणि नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा तो मिनिटभर तसाच. लघवीला फेस. साबणाच्या पाण्यासारखा, फ्लश केला तरी वर तरंगत राहणारा. हे त्याने मला सांगितलंच नव्हतं, बाथरूम धुताना मी बघितलं.

त्याच्या महिनाभर आधी त्याच्या अंगावर पुरळ आलं होतं. छाती-पाठीवर आणि तळहातांवर तांबूस डाग, खाज बिलकुल नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी अॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या, आपोआप गेलं, आम्ही विसरून गेलो. सूज आणि पुरळ यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. ते आधीच आलं असतं तर किती बरं झालं असतं!

मग एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो (नाव लिहीत नाही). अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) १.९ म्हणजे फार कमी, कोलेस्टेरॉल ३८०, क्रिएटिनिन मात्र ०.९ म्हणजे नॉर्मल. तिथे सांगितलं नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळतंय, उद्यापासून स्टिरॉइड सुरू करा, ६० एमजी. चार मिनिटात बाहेर. पुरळाबद्दल कोणी विचारलं नाही, हात कोणी बघितले नाहीत. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या भावाला डायलिसिस चालू आहे, त्या म्हणाल्या गोळ्या सुरू करायच्या आधी एकदा इथे दाखव. म्हणून आम्ही खारेगाववरून रिक्षाने कळवा पूल ओलांडून पाचपाखाडीला या क्लिनिकमध्ये आलो.

आता जागेचं सांगते. बिल्डिंग जुनी आहे, क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. किडनीचे पेशंट म्हणजे सुजलेले पाय, लागलेला दम, आणि त्यांना दोन मजले चढायला लावता हे मला बिलकुल पटलेलं नाही. माझा नवरा ३६ वर्षांचा आहे तरी मधल्या वळणावर थांबला. आमच्या पुढे एक आजोबा होते त्यांना त्यांचा मुलगा अक्षरशः धरून चढवत होता. निदान खाली एक व्हीलचेअर आणि एक माणूस तरी ठेवा. वेटिंगला खुर्च्या कमी, अपॉइंटमेंट साडेपाचची, नंबर लागला पावणेआठला. पहिली फी १२०० आणि नंतर ८००.

पण आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी आम्हाला जवळजवळ चाळीस मिनिटं दिली. बाहेर का उशीर होतो ते तेव्हा कळलं. रिपोर्ट बघायच्या आधी त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, पालथे केले, उलटे केले, मोबाइलचा टॉर्च लावून तळवे बघितले. मग बूट-मोजे काढायला लावून पायाचे तळवे. डाग बऱ्यापैकी गेले होते पण टाचेजवळ दोन पुसट राहिलेले, मलाही दिसले नव्हते. मग प्रश्न: पुरळाला खाज होती का, केस चट्ट्याचट्ट्याने गळतायत का, तोंडात फोड आले होते का, मानेत गाठी. कुठली गोरं करणारी क्रीम लावता का, कुठलं भस्म, चूर्ण, कोणा वैद्याची पुडी? आम्ही म्हटलं नाही, पण हे का विचारता? तर म्हणाल्या अशा काही क्रीममध्ये आणि काही भस्मांत पारा असतो आणि पारा किडनीच्या जाळीवर अगदी हेच करतो, २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या तिघींना क्रीममुळे किडनीचा त्रास झाला होता आणि मुंबईच्या केईएममध्ये ते शोधून काढलं. मी ती बातमी वाचली होती, पण क्रीमचा आणि लघवीतल्या फेसाचा संबंध तेव्हा कळला नव्हता.

त्यानंतर मला म्हणाल्या, ताई, पाच मिनिटं बाहेर बसता का, मी प्रत्येक पेशंटशी थोडं एकट्याने बोलते. मला खरं सांगायचं तर तेव्हा राग आला. आता वाटतं बरं झालं मला बाहेर काढलं, माझ्यासमोर तो काहीच बोलला नसता.

टेस्टची यादी दिली ती मोठी होती. एएनए म्हणजे लुपससाठी (शरीर स्वतःवरच हल्ला करतं तो आजार), हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, पीएलए२आर नावाची एक महाग टेस्ट, चोवीस तासांची लघवी, आणि व्हीडीआरएल नावाची एक साधी रक्ताची टेस्ट. मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं की किडनीत गाळणी असते, ती गळायला लागली की रक्तातलं प्रोटीन लघवीत जातं, त्याचाच फेस, आणि रक्तातलं प्रोटीन कमी झालं की पाणी अंगात साचतं. मोठ्या माणसात असं होण्याचं एक नेहमीचं कारण मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे या गाळणीच्या पडद्याचा आजार. ती बऱ्याच जणांना आपोआप होते, पण काहींना कशामुळे तरी होते, इन्फेक्शन, लुपस, औषधं, कधी कॅन्सर. म्हणाल्या ते कारण शोधल्याशिवाय मी स्टिरॉइड देणार नाही, कारण तसं कारण निघालं तर त्याचाच इलाज करायचा असतो आणि आत इन्फेक्शन असताना स्टिरॉइड दिलं तर ते दाबलं जाऊन वाढू शकतं. तोपर्यंत पाणी काढायची गोळी, एक बीपीची गोळी जी प्रोटीनची गळती कमी करते, मीठ कमी, लोणचं-पापड बंद. आणि एक ताकीद दिली ती आधी कोणीच दिली नव्हती, की अल्ब्युमिन इतकं खाली असताना रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, एकच पाय जास्त सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला या.

चोवीस तासांच्या लघवीसाठी ५ लिटरचा कॅन दिला. ज्यांना करायचंय त्यांनी रविवार धरा, कारण ऑफिसला तो कॅन घेऊन कोण जाणार, आणि सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र धरायची, हे लॅबवाल्याने नीट सांगितलंच नाही, मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं म्हणून चुकलं नाही. ७.२ ग्रॅम प्रोटीन निघालं. साडेतीनच्या वर गेलं की नेफ्रोटिक म्हणतात.

आणि व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, १:१२८ (म्हणजे रक्त इतक्या पट पातळ केलं तरी रिअॅक्टिव्ह). खात्री करायची दुसरी टेस्ट, टीपीएचए, ती पण पॉझिटिव्ह.

म्हणजे सिफिलिस, लैंगिक संबंधातून पसरणारा आजार. आपल्याकडे जुनी माणसं गरमी म्हणतात, औषधांच्या पुस्तकात उपदंश लिहितात. मला वाटायचं हा आजार जुन्या काळातला, आता कुठे असतो. असतो, आणि चालू आहे. पहिली जखम दुखत नाही, कुठेतरी होते आणि आपोआप बरी होते, मग काही आठवड्यांनी पुरळ, तळहात-तळपायांवर सुद्धा, खाज नसलेलं, तेही आपोआप जातं. माणसाला वाटतं गेलं, आत जंतू तसाच असतो. आणि थोड्या जणांमध्ये याच काळात किडनी धरली जाते. शरीर जंतूशी लढताना जे गुंतागुंतीचे कण बनतात ते गाळणीच्या पडद्यावर जाऊन बसतात, अशी मॅडमनी समजूत करून दिली.

त्यांनी हे आधी फक्त त्याला सांगितलं. मला नाही. त्याला म्हणाल्या, मी तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या बायकोला काही सांगणार नाही, पण त्यांची टेस्ट व्हायलाच हवी, दोन दिवसात तुम्ही सांगा, जमत नसेल तर दोघं इथे या, मी बसते. त्याला जमलं नाही. दोघं गेलो. तिसऱ्या दिवशी रात्री क्लिनिक रिकामं झाल्यावर साडेनऊला त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि तो बोलला. कुठून आलं, कधी, हा आमच्या घरातला विषय आहे, इथे लिहिणार नाही. मी खूप रडले आणि नंतर इतकी गप्प झाले की मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्या हातात धरायला लावला. म्हणाल्या, ताई, राग येणार, यायलाच हवा, पण रक्त आजच देऊन जा. मग सिस्टरनी तिथेच घेतलं, लॅबला पाठवलं नाही, तिथे परत कोणी बघायला नको म्हणून.

माझी १:८ आली. मला काहीच नव्हतं, पुरळ नाही, सूज नाही, लघवी स्वच्छ.

पहिला विचार मुलीचा आला. ती पाच वर्षांची आहे, एकाच ताटात जेवते, त्याच्याच कुशीत झोपते. मॅडम म्हणाल्या, ताट, कप, टॉवेल, संडास यातून हा पसरत नाही. पण तिच्या जन्माआधी मला होता का ते बघायला हवं, तुमची गरोदरपणातली फाइल आहे का? कपाटाच्या वर बारशाच्या साड्यांच्या पिशवीत फाइल सापडली. २०१९ ची. त्यात एका कोपऱ्यात लिहिलेलं, व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह. म्हणजे ही टेस्ट माझी झाली होती आणि मला माहीतच नव्हतं, तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं कशासाठी करतात. गरोदर बाईला असेल तर बाळाला जातो, बाळ पोटात दगावू शकतं, म्हणून ती प्रत्येकीची करतात. त्या एका ओळीवर मी हात फिरवत बसले होते. आम्ही या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार करत होतो, तो विचार मॅडमच्या सल्ल्याने पुढे ढकललाय.

बायॉप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, करावी का यावर मॅडमनी स्वतः दोन्ही बाजू सांगितल्या. प्रोटीन एवढं जातंय तर आत नक्की काय आहे ते बघू असं ठरलं. त्यांच्या जोडलेल्या नर्सिंग होममध्ये झाली, पालथं झोपवून, सोनोग्राफीवर बघत, कमरेत भूल देऊन, सुईचा टक असा आवाज येतो तेवढाच, नंतर दिवसभर उताणं पडून राहायचं आणि प्रत्येक लघवी बाटलीत दाखवायची रक्त येतं का बघायला. सगळं मिळून २८ हजार झाले. रिपोर्ट मेम्ब्रेनस, पीएलए२आर निगेटिव्ह, नेल-वन (गाळणीच्या पडद्यावर दिसणारं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह. नेल-वन दिसलं की सिफिलिस, पारा आणि कॅन्सर या गोष्टी शोधायच्या असतात असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्या दिवशीचा क्रीमचा प्रश्न मला नीट कळला. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती डोक्यातून जात नाही. पेनिसिलिन येईपर्यंत, म्हणजे १९४३ च्या आधी, शेकडो वर्षं या आजाराला पारा द्यायचे. म्हणजे ज्याने किडनी जाते तेच औषध म्हणून!

इलाज इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं. बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कंबरेत. त्याला एकदाच, कारण त्याचं वर्षाच्या आतलं होतं. मला मात्र तीन, दर आठवड्याला एक, कारण माझं कधीपासून आहे ते सांगता येत नव्हतं. हृदयाच्या झडपेच्या पेशंटना देतात तेच इंजेक्शन, पण मिळवायला घाम फुटला. नौपाड्यात आणि स्टेशनजवळ पाच मेडिकल फिरलो, कोणाकडे नाही, एकाने तर आधी वरून खालपर्यंत बघितलं. आणि मिळालं तरी टोचणार कोण, रिअॅक्शनच्या भीतीने बरेच दवाखाने नाही म्हणतात. शेवटी क्लिनिकनेच मागवून दिलं, एमआरपीलाच.

सिस्टरबद्दल लिहायलाच हवं. आधी स्किन टेस्ट, अर्धा तास बसवलं, बाजूला ट्रेमध्ये अॅड्रिनॅलिन आणि सलाइन काढून ठेवलं, आणि ते का ठेवलंय तेही सांगितलं. ते औषध दुधासारखं दिसतं पण जाड, पाणी घालून बाटली दोन तळहातांमध्ये रवी फिरवतात तशी फिरवत राहिल्या, गाठ राहिली तर सुई अडकते म्हणून. मग मोठी सुई, अर्धं उजव्या बाजूला, अर्धं डाव्या, आणि इतकं हळू की मी मनात शंभर मोजले. दुखतं, खोटं कशाला सांगू, दोन दिवस बसताना कळतं. पण त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, नवऱ्याशी बोलताना नाही आणि माझ्याशीही नाही. उलट मला विचारलं, जेवून आलात ना?

त्याच रात्री त्याला थंडी वाजून ताप आला, १०२. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं, जंतू एकदम मरतात तेव्हा पहिल्या चोवीस तासात असं होतं, ती अॅलर्जी नसते. तरी मी घाबरले आणि दिलेल्या नंबरवर रात्री साडेअकराला फोन केला, उचलला. श्वास कसा आहे, ओठ-चेहरा सुजलाय का, अंगावर गांध्या आल्यात का, इतकं विचारून पॅरासिटामॉल द्यायला सांगितली आणि सकाळी सातला परत त्यांचाच फोन आला. सकाळपर्यंत ताप उतरला होता.

स्टिरॉइडची एक गोळी घ्यावी लागली नाही. दिवाळीपर्यंत सूज गेली, वजन ९ किलो उतरलं, सगळं पाणीच. तीन महिन्यांनी लघवीतलं प्रोटीन ०.४ ग्रॅम, अल्ब्युमिन ३.८. सहा महिन्यांनी व्हीडीआरएल १:१२८ वरून १:८. टीपीएचए मात्र बहुतेक जन्मभर पॉझिटिव्हच राहील, ते बघून घाबरू नका आणि परत परत करत बसू नका असं त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, म्हणजे पुढे कोणी डॉक्टर बघून गोंधळायला नको. एचआयव्ही दोघांची निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत केली, तेव्हाही निगेटिव्ह.

आता अर्धा स्टार. लिफ्टचं सांगितलंच. दुसरं जास्त मोठं आहे. टेस्टचे पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीने भरलेल्या वेटिंग रूममध्ये मोठ्याने विचारलं, व्हीडीआरएल आणि एचआयव्ही दोन्ही ना? अख्ख्या खोलीने वळून बघितलं. माझ्या नवऱ्याची मान खाली गेली ती मला दिसली. आत जे इतकं जपतात ते बाहेर दोन सेकंदात घालवता. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत, सॉरी म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी गेलो तेव्हा टेस्टची नावं असलेला कागद घडी करून देत होते आणि काउंटरवर फक्त नंबर बोलत होते. हे चालू ठेवा प्लीज.

ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांच्यासाठी, मॅडमनीच आम्हाला सांगितलं होतं: जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात आणि मेडिकल कॉलेजात नॅकोचं (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे या आजाराची तपासणी आणि औषध फुकट मिळतं. तिथे वेगवेगळ्या रंगांची किट देतात, पांढऱ्या किटमध्ये हेच पेनिसिलिन असतं, आणि ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यासाठी निळी. जोडीदाराला पण बोलावतात.

एक विनंती बाकीच्या किडनीच्या डॉक्टरांना, कोणी वाचत असेल तर. ही व्हीडीआरएल आम्हाला २५० रुपयांना पडली. माणूस चांगल्या घरातला दिसतो, बायको शेजारी बसलीय, म्हणून विचारायचं टाळू नका. बायकोला बाहेर पाठवा आणि विचारा. आम्हाला वाईट वाटेल, पण विचारा.

आम्ही दोघं अजून एकत्र आहोत, एका समुपदेशक बाईंकडे जातो, त्यांचं नावही याच क्लिनिकने दिलं. काही दिवस बरे जातात, काही नाही.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी जाऊ नका, फार गर्दी असते, मंगळवार किंवा गुरुवार दुपारी चारचा पहिला नंबर फोन करून घ्या. गाडी आणू नका, पार्किंग नाही. जुने सगळे रिपोर्ट न्या, बायकांनी आपली बाळंतपणाची फाइल असेल तर तीही. आणि पाय सुजलेले असतील तर खालूनच फोन करा, आता सिस्टर खाली येऊन बीपी आणि वजन घेतात, गेल्या महिन्यात त्या आजोबांचं तसंच घेतलेलं मी बघितलं.